रत्नागिरीतली स्प्रूसची जंगलं आणि मामाची बाव

शनिवार सकाळ. हातात दुसरा चहा, डोक्यात सोमवारच्या रिलीजचं टेन्शन, आणि तेवढ्यात मामाचा फोन. मामा तळकोकणात असतो, सावंतवाडीच्या पलीकडे. फोनवर तो एरवी तीनच विषयांवर बोलतो: काजू, पाऊस आणि माझं न जमणारं लग्न. त्या दिवशी मात्र थेट मुद्द्यावर आला.

"तू कॉम्प्युटरवालो मा? मगे ह्यां वाच आणि माका सांग, आमची बाव खंय दाखवल्यानी ती."

'ह्यां' म्हणजे साडेतीनशे पानांची एक पीडीएफ. मामाच्या घरामागच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण येऊ घातली आहे, तिचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल. सरकारी मराठीत 'पर्यावरण आघात मूल्यांकन', आणि सगळे म्हणतात ईआयए. आणि 'बाव' म्हणजे विहीर. आजोबांनी खणलेली, डोंगराच्या पायथ्याशी. तिच्यावर मामाची माडबाग, दोन गुरं आणि वाडीतली चार घरं जगतात. जनसुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. मराठीतला सारांश दहा-बारा पानांचा, बाकी सगळं इंग्रजीत. म्हणून भाच्याची आठवण झाली.

मी म्हटलं, वाचतो. दोन वीकेंड गेले. कंपनीत चारशे पानांची स्पेसिफिकेशन्स वाचायची सवय आहे, त्यामुळे जाडी बघून घाबरलो नाही. घाबरलो ते वेगळ्याच कारणानं. मला तो अहवाल फार ओळखीचा वाटला.

का ते सांगतो. आधी एक कबुली देतो म्हणजे पुढचं बोलायला तोंड उरेल. काही वर्षांपूर्वी एका रिलीजच्या आदल्या रात्री मी रिग्रेशन टेस्टच्या शीटवर साठेक ओळींसमोर 'पास' लिहून टाकलं होतं. टेस्ट चालवल्या होत्या वीसेक. उरलेल्या 'गेल्या वेळी पास झाल्या होत्या, काही बदललेलं नाही' म्हणून. मॅनेजरला माहीत होतं. क्लायंटलाही बहुधा अंदाज असणार. सगळ्यांना टेस्टिंग नको होतं, टेस्टिंगची शीट हवी होती. सोमवारी व्हायचं तेच झालं, पण तासाभरात आम्ही जुनं व्हर्जन परत टाकलं आणि विषय संपला.

डोंगराला जुनं व्हर्जन नसतं. बस, एवढाच फरक. पण एवढाच फरक फार मोठा आहे.

आता ईआयए म्हणजे काय ते थोडक्यात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली जानेवारी १९९४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, आणि १४ सप्टेंबर २००६ ला दुसरी. तिच्यावर डझनावारी पॅच मारून आजही काम चालू आहे. (हे वाक्य वाचून तुम्हाला तुमच्या कंपनीतली कुठलीतरी सिस्टिम आठवली असेल.) कल्पना चांगली आहे. खोदण्याआधी बघा. आत्ता इथे हवा कशी, पाणी कसं, झाडं कुठली, माणसं कशावर जगतात, हे नोंदवा. मग खाण आल्यावर यातलं काय, किती बदलेल याचा अंदाज करा. तो अंदाज लोकांसमोर मांडा. मग तज्ज्ञांची समिती तपासेल, अटी घालेल किंवा नाही म्हणेल. कागदावर यात मला एकही चूक दिसत नाही. मूळ डिझाइन बरं आहे. इम्प्लिमेंटेशनची बोंब आहे.

पहिली बोंब: पैसे कोण देतं? अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला नेमतो खाणवाला, आणि त्याचं बिलही देतो खाणवालाच. २०१० पासून सल्लागाराकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असावी लागते, हे खरं. पण मान्यता असली तरी पगार कुठून येतो ते बदलत नाही. आपल्याकडे डेव्हलपरच स्वतःच्या कोडचा टेस्टर नेमायला लागला आणि 'बग सापडला तर पुढचं काम नाही' अशी न बोललेली अट असली, तर किती बग सापडतील? मी सल्लागारांना लबाड म्हणत नाहीये. मीही लबाड नव्हतो हो, त्या रात्री. फक्त काय लिहिलं म्हणजे सगळे खूश होतील ते मला ठाऊक होतं.

दुसरी बोंब म्हणजे कॉपी-पेस्ट. इथे शीर्षकातली जंगलं येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीचा अहवाल या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. त्यात परिसरातल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांचं वर्णन होतं. स्प्रूस! रत्नागिरीत! ही झाडं बर्फाच्या देशातली. मजकूर एका रशियन बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेला निघाला. कोणीतरी फाइंड-रिप्लेस करताना गावाचं नाव बदललं आणि झाडं बदलायला विसरला. आपण हसतो, कारण आपणही कधीतरी जुन्या क्लायंटचं नाव नव्या प्रपोजलमध्ये ठेवून पाठवलेलं असतं. पण ज्याच्या घरामागे तो डोंगर आहे त्याला हसू कसं येणार? आणि खरी काळजी स्प्रूसची नाहीच. स्प्रूस सापडतो. कोणी शहाण्यानं काळजीपूर्वक झाडंही बदलली असती तर? सह्याद्रीतल्याच दुसऱ्या कुठल्या डोंगराची यादी इथे चिकटवली असती तर ती कोणाला सापडली असती?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. ती बेकायदा नाही. नियमाप्रमाणेच आहे, म्हणून तर खटकली. खाणींच्या अभ्यासासाठी जे ठरावीक निकष दिले जातात त्यांत हवा-पाण्याची मूळ स्थिती मोजायला एक ऋतू पुरतो, आणि तो पावसाळा सोडून. मार्च ते मे चालेल, ऑक्टोबर ते डिसेंबर चालेल, डिसेंबर ते फेब्रुवारी चालेल. देशातल्या कोरड्या भागात हे कदाचित ठीक असेल. पण कोकणात? जिथे वर्षाचा तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो तिथे?

गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात, असा हिशेब आहे. ती माती खाणीशेजारी ढीग करून ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये तो ढीग शहाण्या मुलासारखा बसून असतो. जुलैत तो चालायला लागतो. ओढ्यात, ओढ्यातून शेतात, शेतातून नदीत. डिचोली, सांगे भागातल्या लाल चिखल साचलेल्या शेतांबद्दल तुम्ही वाचलं असेल. सिंधुदुर्गात कळणे गावी जुलै २०२१ मध्ये खाणीतलं साचलेलं पाणी बांध फोडून खाली आलं आणि घरं-बागायतींत चिखल भरला. म्हणजे नुकसान होतं पावसाळ्यात आणि मोजमाप होतं उन्हाळ्यात. आयपीएलच्या फायनलला तिकिटाची साइट कोसळते, आणि लोड टेस्ट घेतली होती कधी? मंगळवारी पहाटे तीनला. रिपोर्ट खोटा नसतो. निरुपयोगी असतो.

सड्याचंही तेच. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. मे महिन्यात बघितलंत तर काळा तापलेला कातळ, बाकी शून्य. सातबारावर 'पोटखराब'. सर्वेक्षण करणाऱ्यानं उन्हात उभं राहून 'विशेष वनस्पती आढळल्या नाहीत' लिहिलं तर तो प्रामाणिकच म्हणायचा. पण तुम्ही कासला जाता ते कधी? ऑगस्ट-सप्टेंबरात ना? मे महिन्यात कासलाही कातळच असतो, आणि तेच कास २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर गेलं. शिवाय हा जांभा भोकाभोकांचा. पाऊस त्यातून मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना वर्षभर पाणी देतो. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की खड्डा कोरडा ठेवायला पंप लावावा लागतो. पंप चालला की भोवतालचं भूजल खड्ड्याकडे ओढलं जातं. मग मामाच्या बावीचं काय?

मामाची बाव मी शोधली. नकाशात नव्हती. पाण्याचे नमुने सहा ठिकाणांहून घेतले होते, त्यात एक बोअरवेल, एक नदी, उरलेल्या विहिरी गावाच्या दुसऱ्या बाजूच्या. डोंगराच्या पश्चिम पायथ्याला नकाशावर नुसता हिरवा रंग होता. जिथे चार घरं, एक बाव आणि माझ्या आईचं बालपण आहे तिथे हिरवा रंग.

चौथा मुद्दा. प्रत्येक खाणीचा अहवाल स्वतंत्र. आजूबाजूचा दहा किलोमीटरचा परिसर बघतात, पण शेजारच्या खाणीसकट सगळ्यांचा मिळून त्या एका नदीवर, एका रस्त्यावर, एका गावच्या फुप्फुसांवर काय परिणाम होईल याचा हिशेब बहुतेक अहवालांत दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. प्रत्येक मोड्यूलची युनिट टेस्ट पास, आणि सगळं जोडलं की सर्व्हर झोपला. गोव्यात हेच झालं. एकेक परवानगी सुटी बघितली तर नियमात बसायची. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं २०११ च्या अहवालात हा एकत्रित परिणामांचा मुद्दा मांडला होता, आणि ईआयए ज्या पद्धतीनं होतात त्यावरही सडकून टीका केली होती. त्या अहवालाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

पाचवा मुद्दा तपासणाऱ्यांचा. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर गोव्यातल्या एका खाणीचं प्रकरण आलं होतं. तेव्हा न्यायालयानं केंद्राच्या तज्ज्ञ समितीला सांगितलं की लोकांचे आक्षेप का फेटाळले त्याची कारणं लिहा, आणि एका बैठकीत पाचाहून जास्त प्रकल्प कसे काय तपासता येतील ते आम्हाला समजत नाही. खाण उद्योगाशी हितसंबंध असलेली व्यक्ती खाणींच्या समितीच्या अध्यक्षपदी असणं बरं नाही, हेही सांगितलं. दिवसाला चाळीस पुल रिक्वेस्ट बघणारा रिव्ह्यूअर काय करतो? 'लुक्स गुड टू मी.'

आणि सहावा मुद्दा, आधी डिप्लॉय आणि मग टेस्ट. परवानगी न घेताच काम सुरू केलेल्या प्रकल्पांना मार्च २०१७ च्या अधिसूचनेनं मागाहून परवानगीची वाट करून दिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा मतानं तो निकाल मागे घेतला. कायद्याचे बारकावे वकिलांवर सोडू, पण इंजिनीयर म्हणून एवढं कळतं की ज्या टेस्टचं उत्तर 'नाही' येऊच शकत नाही ती टेस्ट नसते.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात काचेच्या इमारतीत एसीत बसून हे लिहायला तुझं काय जातं? रास्त प्रश्न आहे. ज्या लॅपटॉपवर हे टाइप करतोय त्यात ॲल्युमिनियम आहे, म्हणजे कुठलातरी सडा खणला गेलाय. मी ज्या चौदा मजली इमारतीत राहतो तिच्यातली सळई कुठल्यातरी डोंगरातूनच आली. २०१२ मध्ये शाह आयोगाचा अहवाल आला आणि गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसांचे हप्ते थांबले नव्हते. २०१४ मध्ये न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द करून पुन्हा बंद केली, आणि २०२२ च्या डिसेंबरात लिलाव सुरू झाले. चालू-बंद-चालूच्या या खेळात ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला, टपरीवाला सगळे भरडले गेले. माझ्या मामेभावालाच खाण हवी आहे. त्याचं म्हणणं, "काजूवर घर चालता, पण मुलांची इंजिनीयरिंगची फी नाय भागत." त्याला काय उत्तर देऊ? माझी फी याच काजूतून थोडी भागली होती, आणि मी तिथे परत गेलो नाही.

म्हणून 'खाण नकोच' असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. खाण होऊ दे किंवा न होऊ दे, तो निर्णय खऱ्या आकड्यांवर व्हावा. खोट्या अहवालानं खाणवाल्याचंही भलं होत नाही. गोव्यात शेवटी सगळं न्यायालयात जाऊन अडकलं, आणि त्याची किंमत ट्रकवाल्यानं मोजली. पहिल्याच दिवशी नीट मोजलं असतं, नीट मर्यादा घातली असती, तर निदान काही खाणी सुखासुखी चालल्या असत्या. टेस्टिंगमध्ये वाचवलेले पैसे प्रॉडक्शनमध्ये दसपट जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग करायचं काय? मला सुचतं ते असं. एक, सल्लागाराची फी खाणवाल्याकडूनच घ्या, पण ती एका स्वतंत्र निधीत जाऊ दे आणि सल्लागार कोण ते त्रयस्थ संस्था ठरवू दे. २०११ च्या लाफार्ज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र राष्ट्रीय नियामक नेमायला सांगितलं होतं, २०१४ मध्ये पुन्हा बजावलं होतं. दोन, कोकण-गोव्यासारख्या प्रदेशात पावसाळ्याचं मोजमाप सक्तीचं करा. तीन, मोजलेले कच्चे आकडे पीडीएफच्या स्कॅनमध्ये न कोंबता उघड्या फाइलमध्ये द्या. मग दोन अहवालांत एकच तक्ता आहे का हे कॉलेजमधलं पोरगंही दहा मिनिटांत शोधेल. चार, अहवाल पूर्ण मराठीत. २०२० च्या नव्या मसुद्याचं भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या बावीस भाषांत करा असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. आपण क्लायंटसाठी चौदा भाषांत बटणांची नावं बदलून देतो हो, इथे एक भाषा जड जाते?

हे सगळं होईल तेव्हा होईल. उलट वारा दुसरीकडे वाहतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजं आणि 'महत्त्वाची व सामरिक' ठरवलेली खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली गेली. लोहखनिज त्या यादीत नाही, म्हणून मामाला निदान सुनावणी तरी मिळाली.

सुनावणीला मी गेलो होतो. शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी मांडव. दोनेकशे माणसं, पुढे अधिकारी, बाजूला कंपनीचे लोक प्रेझेंटेशन घेऊन. आधी तासभर दोन्हीकडून घोषणा. मग मामा उठला. मी त्याला तीन प्रश्न लिहून दिले होते, छापील कागदावर, मुद्देसूद. त्यानं कागद खिशातच ठेवला. माईक हातात घेऊन एवढंच विचारलं, "माझ्या बावीत मे म्हयन्यात किती हात पाणी असता ता तुमच्या पुस्तकात लिवलेला हा काय? नसात तर उद्या पाणी कमी झाला ह्यां तुम्ही कशावरसून मानतलास?"

मांडव गप्प झाला. सल्लागारानं पानं चाळली. अंतिम अहवालात समावेश करू, म्हणाला.

चार वर्षांच्या इंजिनीयरिंगनंतर मला जे मांडता आलं नसतं ते सातवी शिकलेल्या माणसानं दोन वाक्यांत मांडलं. बेसलाइन नाही तर बग सिद्ध कसा करणार?

नियम असा आहे की सुनावणीच्या शेवटी नोंदवलेला गोषवारा तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. लोक तोवर घरी जायला उठलेले असतात. तुम्ही कधी गेलात तर उठू नका. आम्ही थांबलो, आणि मामाचा प्रश्न त्यात नव्हता. आग्रह धरल्यावर आला. जे नोंदलं जातं त्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं, नोंदलं नाही ते बोललंच गेलं नाही असं धरतात. परवानगी मिळालीच तर तीस दिवसांत हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. आणि खाण चालू झाली तर दर १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तोही कोणालाही बघता येतो. कोणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी.

निर्णय अजून झालेला नाही. तोवर आम्ही आमचं काम सुरू केलंय. दर रविवारी सकाळी मामा दोरीला दगड बांधून बावीत सोडतो, पाणी मोजतो आणि व्हॉट्सॲपवर आकडा पाठवतो, सोबत दोरीचा फोटो. मी तो एक्सेलमध्ये भरतो. पावसाळ्याचेही आठवडे त्यात आहेत. गेल्या महिन्यापासून मामेभाऊसुद्धा त्याच्या बाजूच्या विहिरीचा आकडा पाठवायला लागलाय. खाण त्याला अजूनही हवीच आहे. म्हणतो, "मोजूक काय जाता?"

तुमचंही गाव असेलच कुठेतरी. परिवेश पोर्टलवर जा, आपल्या तालुक्याचं नाव टाका आणि एखादा अहवाल उतरवून घ्या. एक वीकेंड जाईल. आधी नकाशा उघडा आणि तुमच्या घराच्या जागी कुठला रंग आहे ते बघा.

असो. रविवार आहे, मामाचा आकडा आलाय. शीट भरतो. या शीटमध्ये मी न मोजलेलं काही लिहिणार नाही.